भाचीला डिप्लोमॅट व्हायचंय, घरात गाडी लग्नावर अडलीय

ओंजळभर (धागाकर्ती)

नमस्कार. मी इथे बरीच वर्षं नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी भाची, म्हणजे ताईची मुलगी, बावीस वर्षांची आहे. एस.पी.मधून राज्यशास्त्रात बीए झाली आणि गेलं वर्षभर सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत सकाळी सातला जाऊन रात्री नऊला घरी येते. आम्ही सगळे धरून चाललो होतो की हिला कलेक्टर व्हायचंय. गेल्या रविवारी ताईकडे जेवायला होतो, भावोजींनी सहज विचारलं, फॉर्ममध्ये पहिली पसंती आयएएसच ना? तर ही म्हणाली, नाही बाबा, आयएफएस, म्हणजे परराष्ट्र सेवा. मला डिप्लोमॅट व्हायचंय, आणि ते नाहीच जमलं तर यूएनमध्ये शांतता नाहीतर विकासाच्या कामात जायचंय. ताई तूप वाढत होती, चमचा हातात तसाच राहिला. आणि मग सुरू झालं, दर तीन वर्षांनी देश बदलणार तर नवरा काय करणार, मुलं कुठे शिकणार, असल्या नोकरीवाल्या मुलीचं लग्न जमणार कसं, आम्ही म्हातारे झालो की कोण बघणार. तासभर हेच. तू तिथे जाऊन नक्की काय काम करणार गं, हे एकानेही विचारलं नाही. मीही नाही विचारलं आणि त्याचंच मला जास्त लागलंय.

नंतर भांडी आवरताना तिनेच सांगितलं. २०२१ मध्ये यूएनच्या आमसभेत इम्रान खान यांच्या भाषणाला भारतातर्फे स्नेहा दुबे यांनी उत्तर दिलं होतं, तो व्हिडिओ तिने बारावीनंतर पाहिला, आणि त्या फर्गसनमध्ये शिकल्यात हे कळल्यावर हिला वाटलं की अरे इथूनच गेल्यात की, आपल्याच रस्त्यावरून.

तर मला हे करिअर समजून घ्यायचंय. आयएफएस आणि यूएन हे एकच असतं का वेगळं? बाईमाणसाला खरंच किती अवघड आहे? ज्यांनी जवळून बघितलंय त्यांनी लिहा प्लीज, ताईला वाचून दाखवणार आहे.

तिसरा_अटेम्प्ट

ताई, चांगला धागा. परीक्षेपुरतं मी सांगतो. वेगळी परीक्षा नाही, यूपीएससीची सिव्हिल सर्व्हिसेसच. आयएफएसला बहुतेक वर्षी तीस-चाळीसच्या आसपास जागा असतात देशभरातून, त्यामुळे रँक वरचा लागतो. ओपनला वय ३२ पर्यंत आणि सहा अटेम्प्ट. मेन्स आणि मुलाखत मराठीतूनही देता येते, हे पुण्यात राहूनही खूप जणांना माहीत नसतं. सिलेक्शन झालं की मसुरीला फाउंडेशन कोर्स, मग दिल्लीत सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेत ट्रेनिंग, आणि मग एक परदेशी भाषा नेमून देतात. ती भाषा जिथे बोलतात तिथे थर्ड सेक्रेटरी म्हणून पाठवतात आणि भाषेची परीक्षा पास झाल्याशिवाय नोकरी पक्की होत नाही. स्नेहा दुबे यांचं पहिलं पोस्टिंग माद्रिदला होतं. पुढे सेकंड सेक्रेटरी, फर्स्ट सेक्रेटरी, काउन्सेलर असं चढत जायचं आणि पंचविसेक वर्षांनी राजदूत.

एक मनापासून सांगतो, तिला म्हणावं अभ्यासिकेत बसून दिवसाचे चौदा तास मोजू नकोस, मी दोन वर्षं तेच केलं. टेबलावर पाण्याची बाटली, पिवळा हायलायटर, समोर भिंत. पेपरातली जगाची बातमी वाचायची आणि भिंतीला सांगायची. आता आम्ही तिघंजण रोज संध्याकाळी शास्त्री रोडवर चहाला भेटून एकच बातमी घेऊन वाद घालतो, त्याने खूप फरक पडलाय.

गवतीचहा

आयएफएस आणि यूएन पूर्णपणे वेगळं आहे ताई, आणि हे आधी नीट कळू दे तिला, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. आयएफएसमध्ये तुम्ही भारत सरकारच्या अधिकारी, भारताची बाजू मांडता. यूएनच्या कर्मचारी झालात की यूएनच्या सनदेचं कलम १०० लागू, म्हणजे कुठल्याही सरकारकडून सूचना घ्यायच्या नाहीत, स्वतःच्याही नाही. मी दुसऱ्या प्रकारातली, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या मी डिप्लोमॅट नाहीच, आमच्या सोसायटीत सगळे तसं म्हणतात ते सोडा. अकरा वर्षं केलं, त्यातली साडेतीन दक्षिण सुदानमध्ये.

काम काय असतं विचारलंत ना, सांगते. डिसेंबर २०१३ मध्ये राजधानी जूबाला लढाई पेटली आणि बघता बघता देशभर पसरली, माणसं जीव वाचवायला यूएनच्या तळांवर घुसली. बेंटियूच्या तळावर २०१४ च्या पावसाळ्यात चाळीस हजारांवर माणसं होती आणि सगळं पाण्याखाली. गुडघाभर घाण पाणी, त्यात बाया लेकरांना खांद्यावर घेऊन उभ्या, कारण खाली ठेवायला कोरडी जागाच नाही. मी तिथे गेले तेव्हा माझ्याकडे काम होतं संडास आणि दिवे कुठे लावायचे ते ठरवायचं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण संडास छावणीच्या टोकाला अंधारात असला तर रात्री बाई तिथपर्यंत जाते आणि तिच्यावर हल्ला होतो. नकाशा इंजिनिअरने काढलेला, पाइपाच्या सोयीने. मी दोन दिवस बायकांसोबत नुसती चालले, एका आजीने माझ्या हातातला नकाशा उलटा धरला आणि काठीने चिखलात रेघ मारून दाखवली, आम्ही इकडून जातो, लाकडं आणायला तिकडून. मग ती रेघ घेऊन मीटिंगमध्ये भांडायचं. सहा दिवे हलवायला नऊ दिवस लागले. हे शांततेचं काम आहे, निदान माझ्या वाट्याला आलेलं. सुरक्षा परिषदेचा १३२५ नंबरचा ठराव आहे, ऑक्टोबर २००० चा, शांतता प्रक्रियेत बायकांचा सहभाग हवा म्हणणारा. तो पाठ असून उपयोग नाही, चिखलातली ती रेघ मीटिंगपर्यंत पोचवता आली पाहिजे.

प्रवेशाचे रस्ते तीन-चार आहेत. यंग प्रोफेशनल्स प्रोग्राम म्हणून परीक्षा असते, ३२ पर्यंत वय, पण त्या वर्षीच्या देशांच्या यादीत आपला देश असावा लागतो. यूएन व्हॉलंटिअर हा दुसरा, मी त्यातूनच आत आले. नाहीतर इथेच एखाद्या संस्थेत खेड्यापाड्यात पाच वर्षं पाणी, आरोग्य, बचतगट असं काम करून मग अर्ज. पी-३, म्हणजे मधल्या पातळीच्या पोस्टला साधारण मास्टर्स आणि पाच वर्षांचा अनुभव मागतात, त्यामुळे नुसत्या बीएवर थेट ती पोस्ट मिळणार नाही.

आणि एक, कुणी पैसे घेऊन यूएनमध्ये नोकरी लावतो म्हणालं तर सरळ उठून या. यूएन भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर एक रुपया घेत नाही.

रोखठोक७२

सगळे चांगलंच लिहितायत पण मीही एका मुलीचा बाप आहे म्हणून लिहितो. ७ जुलै २००८ ला काबूलमध्ये आपल्या दूतावासावर हल्ला झाला त्यात परराष्ट्र सेवेतले व्यंकटेश्वर राव आणि लष्कराचे ब्रिगेडियर मेहता गेले. मी त्या दिवशी टीव्हीसमोरून उठलो नव्हतो. आईवडिलांना लग्नाचीच काळजी असते असं नाही, कधीकधी लग्न हा बोलायला सोपा शब्द असतो आणि भीती दुसरीच असते, ती तोंडातून निघत नाही. धागाकर्तीच्या ताईंना हे एकदा विचारून बघा.

टिपकागद

रोखठोक, तुमच्या प्रतिसादाला मनापासून अनुमोदन, धोका नाही असं कुणीच म्हणू नये. पण धोका आहे तिथे बायका आधीपासून आहेत. जानेवारी २००७ मध्ये लायबेरियात यूएनची पहिली संपूर्ण महिला पोलीस तुकडी गेली ती आपल्या सीआरपीएफची. २०१६ पर्यंत दरवर्षी नवी तुकडी जात राहिली. मोनरोव्हियात राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयावर पहारा, रात्रीची गस्त, शिवाय तिथल्या मुलींना स्वसंरक्षण शिकवणं. यातल्या कितीतरी जणी पोरंबाळं घरी ठेवून गेल्या होत्या आणि त्यांच्या घरी हाच प्रश्न झाला असणार. २०१९ साठी मेजर सुमन गवानींना दक्षिण सुदानमधल्या कामासाठी आणि २०२३ साठी मेजर राधिका सेन यांना काँगोतल्या कामासाठी यूएनचा पुरस्कार मिळाला.

भाऊमहाराजबोळ

वय वर्षे एकोणऐंशी, त्यामुळे टाईप करायला वेळ लागतो, क्षमस्व. या धाग्यात सी. बी. मुथम्मा यांचं नाव अजून कसं आलं नाही याचं आश्चर्य वाटतं.

कूर्गमधल्या विराजपेठच्या. १९४९ साली परराष्ट्र सेवेत आलेल्या पहिल्या स्त्री. त्या वेळी बाईकडून लिहून घेत की लग्न केलं तर राजीनामा देईन. पुढे १९६१ च्या नियमांत हे रीतसर बसवलं. नियम ८(२), स्त्री अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची, आणि लग्नानंतर संसार कामाच्या आड येतो असं सरकारला वाटलं तर तिने राजीनामा द्यायचा. नियम १८(४), विवाहित स्त्रीला या सेवेत नेमणुकीचा हक्क नाही. पुरुषांसाठी असलं काही नाही. मुथम्मा १९७० मध्ये हंगेरीत राजदूत झाल्या, सेवेतून वर चढून राजदूत झालेल्या पहिल्या भारतीय बाई. तरी वरच्या श्रेणीत बढती द्यायची वेळ आली तेव्हा डावललं. मग त्या थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. स्वतःच्याच सरकारविरुद्ध, नोकरीत असताना! १९७९ मध्ये न्या. कृष्णा अय्यर यांनी निकाल दिला. खटला चालू असतानाच सरकारने त्यांना बढती देऊन टाकली. १८(४) हा १९७३ लाच काढला होता, ८(२) काढत आहोत असं न्यायालयात सांगितलं. सरकारला कुणीतरी जाब विचारेपर्यंत ८(२) तिथे होता हे लक्षात घ्या.

पुढे मुथम्मा हेगला राजदूत होत्या आणि स्वीडनचे नेते ओलोफ पाल्मे यांच्या अध्यक्षतेखाली निःशस्त्रीकरणावर जो स्वतंत्र आयोग नेमला गेला त्यात भारतीय सदस्य म्हणून बसल्या. म्हणजे शांततेचं काम केलंच, आणि घरातली लढाई त्याआधी लढून.

आणि विजयालक्ष्मी पंडित आपल्याकडे फक्त नेहरूंची बहीण म्हणून लक्षात आहेत याचं मला वाईट वाटतं. त्या मराठी घरातल्या सूनबाई, रणजित पंडितांचं मूळ कोकणातलं. नवरा १९४४ मध्ये गेला, पदरात तीन मुली, आणि तेव्हाच्या हिंदू कायद्याने विधवेला आणि मुलींना इस्टेटीत जवळजवळ काही नाही. तिथून दोन वर्षांत त्या युनोत भारताच्या शिष्टमंडळाच्या प्रमुख झाल्या आणि दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांच्या वागणुकीवरचा ठराव दोन तृतीयांश मतांनी जिंकला, समोर दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान स्मट्स यांच्यासारखा मुरलेला माणूस. १९५३ मध्ये आमसभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष. १९६२ मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या.

बिऱ्हाडकरू

वाचतोय केव्हापासून, आता राहवत नाही. मी तो 'नवरा काय करणार' मधला नवरा. बायको आयएफएसमध्ये, लग्नाला चौदा वर्षं, आतापर्यंत चार देश.

गोडगोड लिहिणार नाही. माझी पुण्यातली कंपनीतली नोकरी दुसऱ्या पोस्टिंगला सुटली. परदेशात जोडीदाराला नोकरी करता येईल का हे त्या देशाशी आपला तसा करार आहे का यावर असतं, एका देशात होता, एकात नव्हता, तिथे अडीच वर्षं मी घरी होतो आणि मुलीला वाढवलं. माझ्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही दोघंही बाहेर, शेजारच्या काकांनी सही केली. ती सही कधीही विसरणार नाही मी. सामान बांधायचं म्हणजे खोक्यावर मार्करने लिहायचं, कुकर, देवघर, शाळेचे दाखले, आणि मुलगी दरवेळी स्वतःच्या खोक्यावर लिहिते 'हे आधी उघडा'. आत काही नसतं महत्त्वाचं, गोट्या, जुने तिकिटाचे तुकडे, एक पर्वतीवरून उचललेला दगड.

पण ताई, तुमच्या घरच्यांना सांगा की हे सगळं पुरुष अधिकाऱ्यांच्या बायका कित्येक वर्षं करत आल्यात आणि त्यांचं लग्न जमेल का असं कुणी विचारलं नाही. मी करतोय तर लोक माझं कौतुक करतात, ते मला बरं वाटत नाही. लग्न जमेल. फक्त मुलीने पहिल्याच भेटीत आपलं काम काय आहे ते स्वच्छ सांगावं, झाकून ठेवू नये. माझ्या बायकोने तिसऱ्या वाक्यात सांगितलं होतं, भांडारकर रोडवर, भर पावसात.

शब्दवेडी

भाषेबद्दल माझे दोन शब्द. मी फ्रेंच शिकवते. यूएनच्या सहा अधिकृत भाषा, अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश. आयएफएसला भाषा तेच देतात त्यामुळे आधी शिकायची सक्ती नाही, पण यूएनचं मनात असेल तर फ्रेंच आत्ताच सुरू करावी, शांतिसेनेची मोठी कामं काँगो, मध्य आफ्रिका अशा फ्रेंच चालणाऱ्या देशांत आहेत. फर्ग्युसन रोडवर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, तिथे बघा. पुण्यात राहून ही सोय वापरली नाही तर फार वाईट. अरबी मात्र कष्टाची आहे पण ती बोलणाऱ्या मुली कमी, आणि जिथे पुरुष दुभाष्यासमोर बाई बोलतच नाही तिथे अशा मुलीचा किती उपयोग होईल हे गवतीचहा जास्त सांगू शकेल.

गवतीचहा

@शब्दवेडी, अगदी. मी अरबी मोडकीतोडकी शिकले, तिथली जूबा अरबी आणखी वेगळी, पण दुभाषा बाजूला उभा केल्यावर बायका जे बोलायच्या ते त्याच्यासमोर कधीच बोलल्या नसत्या.

टिपकागद

वाद घालायची तयारी पाहिजे म्हणाला तिसरा_अटेम्प्ट, त्यावरून अरुंधती घोष आठवल्या. शाळा मुंबईत झाली त्यांची. १९६३ च्या सुमारास सेवेत, १९७१ मध्ये कोलकात्यात बांगलादेशच्या हंगामी सरकारशी संपर्काचं काम. पण नाव झालं ते १९९६ मध्ये जिनिव्हात. अणुचाचणीबंदी कराराच्या वाटाघाटी, बहुतेक सगळं जग एका बाजूला, आणि या बाई शांतपणे सांगतायत की हा करार असमान आहे, अण्वस्त्रं बाळगून बसलेल्यांना तो काही सोडायला लावत नाही, भारत सही करणार नाही, आत्ता नाही आणि नंतरही नाही. आमसभेत १५८ विरुद्ध ३ ने तो मंजूर झाला, विरोधात भारत, भूतान आणि लिबिया. पण अंमलात यायला ठराविक ४४ देशांची मान्यता लागते, त्यात भारतही आहे, त्यामुळे तो आजही लागू नाही. शांततेच्या कामात नाही म्हणता येणं हेही आलं, आणि १५८ जणांसमोर म्हणायला काय लागत असेल! नंतर त्या यूपीएससीच्या सदस्यही होत्या.

ओंजळभर (धागाकर्ती)

सगळ्यांचे किती आभार मानू. काल रात्री परत ताईकडे गेले होते, सविस्तर लिहिते.

आधी रोखठोक यांचा प्रतिसाद ताईला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, उठून गॅस बंद करून आली, आणि म्हणाली, माझ्या स्वप्नात ती हाक मारते आणि मला पोचता येत नाही. एवढंच. भाचीला हे पहिल्यांदाच कळत होतं, ती जाऊन आईच्या शेजारी बसली.

भावोजींचं वेगळंच. ते आयुष्यभर बँकेत ऑडिटला होते, त्यामुळे ऐकीव गोष्टीवर विश्वास नाही. भाऊमहाराजबोळ यांचा प्रतिसाद वाचल्यावर म्हणाले निकाल काढ. भाचीने छापून आणला. ते चष्मा लावून, पेन्सिल घेऊन बसले, पाऊण तास, कडेला बारीक खुणा करत. नियम ८(२) पाशी थांबले आणि ताईकडे बघून म्हणाले, लग्नाआधी लेखी परवानगी, हे तर आपण परवा जेवताना मागत होतो. मग शेवटच्या पानावर पोचले आणि एकदम म्हणाले, अगं पण ही बाई तर हरली! याचिका फेटाळलीय इथे. भाची म्हणाली, बाबा, ओळ पूर्ण वाचा. याचिका फेटाळतो, प्रश्न फेटाळत नाही. तिला मधल्या काळात बढती दिली म्हणून याचिकेत काही उरलं नव्हतं, पण सगळ्याच सेवांच्या नियमांतला असा भेदभाव स्वतःहून काढा, दर वेळी कुणी कोर्टात यायची वाट बघू नका, असं सरकारला सांगितलंय. भावोजींनी त्या ओळीखाली दोनदा पेन्सिल ओढली.

हो म्हणालेले नाहीत अजून. पण एक पान भरून प्रश्न काढलेत, त्यातले तीन इथे विचारायला सांगितलेत. यूएनमध्ये पेन्शन आहे का? काम संपलं की नोकरी जाते हे खरं का? आणि आयएफएसचे अटेम्प्ट चालू असताना खेड्यातला अनुभव घेता येईल का, का दोन्ही दगडांवर पाय होतील?

गवतीचहा

भावोजींना माझा नमस्कार सांगा, बरोबर प्रश्न काढलेत.

पेन्शन आहे, यूएनचा स्वतःचा संयुक्त पेन्शन फंड आहे, पण किमान पाच वर्षं वर्गणी भरलेली असावी लागते. कन्सल्टंट म्हणून घेतलं तर त्यात येत नाही, आणि तरुणपणी बरीचशी कामं कन्सल्टंट म्हणूनच मिळतात, हे आधीच धरून चला. दुसरं, हो, खरं आहे. मालीतलं शांतिसेनेचं मिशन २०२३ च्या अखेरीस बंद झालं, माझ्या ओळखीतल्या दोघीजणी नवीन काम शोधत होत्या, एकीला आठ महिने लागले. आयएफएस या बाबतीत पक्की सरकारी नोकरी आहे.

तिसऱ्यासाठी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. माझ्या ओळखीची एक लहान संस्था आहे वेल्ह्याकडे, पाण्यावर काम करते, शनिवार-रविवारी मुलं घेते. तिला म्हणावं बूट चांगले घाल, आणि पहिल्या दिवशी वही बाहेर काढू नकोस, नुसती बायकांबरोबर चाल.

तिसरा_अटेम्प्ट

आणि गुरुवारी सहाला शास्त्री रोडला ये म्हणावं चहाला. या आठवड्यात विषय सुदान आहे.

ओंजळभर (धागाकर्ती)

येतेय म्हणाली. भावोजी विचारतायत, ऐकायला बसलं तर चालेल का.